तीन बोटांची जागा

शुक्रवारी तपासणीच्या साहेबांनी व्हॅनजवळ यायचीही तसदी घेतली नाही. इंजिन चालू झालं तसा त्यांनी लांबूनच हात केला आणि कागदावर नापासचा शिक्का मारला. सायलेन्सर पार कुजला होता. मधल्या पाइपाला अंगठा आत जाईल एवढं भोक पडलं होतं आणि धूर गाडीखालून वर येऊन मागच्या सीटवरच्या पोरांच्या नाकात जात होता. फेरतपासणी सोमवारी सकाळी. शाळेच्या मुख्याध्यापिका स्वभावाने चांगल्या, पण त्यांनीही स्पष्ट सांगून टाकलं, की सोमवारी पासचा कागद आला नाही तर मंगळवारपासून ही चौदा पोरं दुसऱ्या गाडीत बसतील.

व्हॅन चालवायची मास्टरांची बायको. अकरा वर्षं ती हेच करत होती. पोरं तिला मावशी म्हणत, पोरांचे आईबाप मावशी म्हणत आणि चौकातला वाहतुकीचा पोलीससुद्धा मावशीच म्हणे. मास्टर म्हणजे टेलर मास्टर. एके काळी त्यांचं बाजारात दुकान होतं, हाताखाली चार कारागीर होते. मग लोक तयार कपडे घ्यायला लागले, कारागीर एकेक करून पांगले, दुकानही गेलं, आणि मास्टर घराच्या पुढच्या खोलीत मशीन मांडून पँटच्या चेन बदलायला आणि सुटलेल्या पोटांना कंबर सैल करून द्यायला बसले. घर चालत होतं ते व्हॅनवर. हे त्यांना कुणी ऐकवलं नव्हतं, पण रोज सकाळी ती किल्ली घेऊन निघाली की त्यांना ते टोचायचं.

गॅरेजवाल्याने आठ दिवसांनंतरचा वार दिला. तेव्हा मास्टर म्हणाले की मी बसवतो. बायकोने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. या माणसाने आजवर गाडीला हात लावला होता तो फक्त सीटकव्हर शिवण्यापुरता. पण मास्टर म्हणाले, शेवटी मापाचंच काम आहे, आणि मापात मी कुणाला हार जात नाही. तिच्यापुढे दुसरा रस्ताही नव्हता. शनिवारी सकाळी लांबलचक खोकं घरी आलं. सायलेन्सर गाडीच्या कंपनीचा नव्हता, बाहेरचा होता. खोक्यावर छापलं होतं, 'बहुतेक सर्व व्हॅनना बसेल.' त्या 'बहुतेक'वरून मास्टरांचा अर्धा विश्वास तिथेच उडाला. तयार कपड्यांवरही असलंच काहीतरी लिहिलेलं असतं.

आता घरातल्या तिसऱ्या माणसाबद्दल सांगितलं पाहिजे. ते म्हणजे तिचे वडील. बस डेपोत अडतीस वर्षं काढून निवृत्त झालेले, त्यामुळे सगळी गल्ली त्यांना फोरमन म्हणे. इंजिनचा आवाज ऐकून आजार सांगणारा माणूस. दोन वर्षांपूर्वी त्यांची नजर गेली. उजेड कुठे आणि अंधार कुठे एवढंच कळायचं, आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. सायलेन्सर बसवायला याच्याहून चांगला सल्लागार शोधून सापडला नसता. अडचण एकच होती. फोरमन आणि मास्टर एकमेकांशी बोलत नसत.

व्हॅन घ्यायची ठरली त्या दिवसापासूनचं हे. फोरमन तेव्हा म्हणाले होते, जावई सावलीत बसणार आणि माझी पोर उन्हात गाडी हाकणार. मास्टर म्हणाले होते, गाडी चालवायला तिला तुम्हीच शिकवलंत. दोघांचंही खरं होतं, म्हणून दोघांनाही लागलं. चार वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या आणि फोरमन लेकीकडे राहायला आले, तेव्हा अबोलाही त्यांच्या ट्रंकेबरोबर घरात आला. तेव्हापासून एकाच टेबलाशी बसून दोघं जेवत आणि फोरमन म्हणत, "पोरी, तुझ्या नवऱ्याला सांग, पंखा कमी कर." मास्टर म्हणत, "बाबांना सांग, कमीच आहे." मधे बसलेल्या तिला ते वाक्य पुन्हा म्हणून दाखवावं लागे. निरोप तिच्या तोंडून गेल्याशिवाय तो पोचला असं दोघांपैकी कुणीच धरत नसे. घरात तिसरा माणूस नसताना या दोघांना आग लागली असती तर ते तिची वाट बघत बसले असते.

शनिवारचं काम या पद्धतीने झकास झालं. अंगणात गाडी जॅकवर उचलली, खाली स्टँड लावले, मास्टर पाठीवर पडून आत सरकले, ती चाकाशी उकिडवी बसली आणि फोरमन भिंतीच्या सावलीत खुर्ची टाकून बसले. बोल्ट गंजून दगड झाले होते. फोरमननी लेकीला सांगितलं, तिने नवऱ्याला सांगितलं, की जोर लावू नका, तेल सोडा आणि दोन तास त्यांना विसरून जा. मास्टर म्हणाले, विसरलो. दोन तासांनी बोल्ट लोण्यासारखे सुटले. संध्याकाळपर्यंत जुना पाइप तुकड्यातुकड्यांनी खाली आला आणि मास्टरांच्या चेहऱ्यावर काजळी आणि आनंद असं दोन्ही होतं. इतक्या वर्षांत बायकोसाठी आपण काहीतरी अवजड केलं, असं त्यांना मनापासून वाटलं.

रविवारी सकाळी खोकं उघडल्यावर घोटाळा लक्षात आला. जोडावर आवळायची एक पट्टी लहान निघाली. रविवारी उघडं असणारं दुकान शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि गाडी तर स्टँडवर. ती बसने निघाली. निघताना म्हणाली की मी येईपर्यंत हात लावला नाही तरी चालेल. असं म्हटल्यावर कुठला नवरा गप्प बसतो?

मास्टर आत सरकले. मागच्या दोन चाकांना जोडणारा आडवा लोखंडी दांडा, म्हणजे ॲक्सल, त्याच्या वरून नवा पाइप कमानीसारखा वळवून न्यायचा होता. मास्टरांनी खिशातून टेप काढली. ॲक्सलच्या वर आणि गाडीच्या तळाच्या खाली केवढी जागा आहे ते मोजलं, तिचा मध्य काढला, पाइपावर खडूने खूण केली आणि खूण बरोबर मध्यावर आणली. काजं घेताना करायचे तसंच. मग वाटेतले सगळे नट एकेक करून पक्के आवळले. लहान पट्टीचा तेवढा जोड राहिला.

खुर्चीतल्या फोरमनना पान्याची टिकटिक ऐकू येत होती. त्यांच्या मनात एक प्रश्न होता आणि तो अगदी साधा होता, की स्टँड नेमके कशाखाली लावलेत. काल उचलाउचलीच्या गडबडीत ते विचारायचं राहून गेलं होतं. आता विचारावं, तर लेक नव्हती. ते खाकरले. थोड्या वेळाने पुन्हा खाकरले. तिसऱ्यांदा तर एवढ्या जोरात खाकरले की शेजारचं मांजर भिंतीवरून उतरून गेलं. मास्टरांना ते खाकरणं कुत्सित वाटलं. म्हातारा आपल्याला हसतोय अशी त्यांची खात्री पटली आणि त्यांनी राहिलेले दोन नट अर्ध्या वेळात आवळले.

ती दुपारी परतली. पट्टी बसली, गाडी खाली उतरवली, किल्ली फिरवली. आवाज असा मऊ निघाला की मास्टरांची मान आपोआप ताठ झाली. ती खूश होऊन एक चक्कर मारायला गेली. कोपऱ्यावरच्या गतिरोधकावर गाडीचं मागचं चाक चढलं आणि खालून घण मारावा तसा दणका बसला. पुढच्या खड्ड्यात पुन्हा. परत येईपर्यंत सहा वेळा.

तिने गाडी अंगणात लावली आणि इंजिन बंद केलं. फोरमन लगेच म्हणाले, पाइप ॲक्सलला आपटतोय, स्टँड चेसिसखाली, म्हणजे गाडीच्या सांगाड्याखाली, लावले असणार. चाकं लोंबकळत ठेवली की ॲक्सल खाली येतो, गाडी जमिनीवर उभी राहिली की वर चढतो. मापं घ्यायची ती चाकांवर भार असताना.

"हे तुम्हाला आधीच माहीत होतं?" तिने विचारलं.

"शंका होती. विचारणार होतो. पण तू नव्हतीस."

मास्टर म्हणाले, "मी तरी कुणाला विचारणार होतो?"

तिने दोघांकडे बघितलं. ती रडली नाही, ओरडलीही नाही. पायरीवर बसली आणि हातातली किल्ली बाजूला ठेवली. "अकरा वर्षं मी तुमच्या दोघांची पोस्टमन आहे," ती म्हणाली. "तिकडे चौदा पोरं सांभाळते आणि घरी ही दोन. उद्या सकाळी माझी गाडी नापास झाली तर मी सगळ्यांना काय सांगू, माझा नवरा आणि माझा बाप तीन हातांवर बसले होते आणि मी दुकानात गेले होते? आजपासून टपाल बंद." मग ती आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. कडी घातल्याचा आवाज दोघांनीही ऐकला.

मास्टरांना लाज वाटत होती. पाइप चुकला याची कमी, आणि तिच्या आवाजातल्या थकव्याची जास्त. तो थकवा आजचा नव्हता. तो रोज जेवताना त्यांच्या शेजारी बसत होता आणि त्यांनी त्याच्याकडे बघितलं नव्हतं. त्यांनी बंद दाराकडे बघितलं, गाडीकडे बघितलं. उन्हं कलायला अजून चार तास होते.

"स्टँड कुठे लावू?" ते म्हणाले.

फोरमननी मान वळवली. "कोण विचारतंय?"

"मीच."

"मग नीट विचारा."

मास्टर दोन पावलं पुढे झाले. "बाबा, स्टँड कुठे लावू?"

फोरमन खुर्चीतून उठले, भिंत चाचपत गाडीपर्यंत आले आणि मागच्या चाकाशी जमिनीवर बसले. आधी पुढच्या चाकांना दगड लावायला सांगितले, दोन्ही बाजूंनी, आणि लावले का ते हाताने तपासून पाहिलं. मग स्टँड चेसिसखालचे काढून ॲक्सलखाली, चाकांच्या जवळ. "गाडीला वाटलं पाहिजे की आपण आपल्या पायांवर उभे आहोत," ते म्हणाले. मास्टर आत सरकले आणि बघतात तर ॲक्सल वर आलेला, त्यांची खडूची खूण त्याला चिकटून घासलेली. ते पडल्यापडल्या म्हणाले, "म्हणजे मी झोपलेल्या गिऱ्हाइकाचं माप घेतलं."

बाहेरून हसल्याचा आवाज आला. मास्टरांना तो आवाज ओळखायला एक क्षण लागला, कारण सासऱ्यांना हसताना ऐकून त्यांना अकरा वर्षं झाली होती.

सगळे नट पुन्हा ढिले केले. फोरमननी आडवा हात आत घातला आणि पाइप आणि ॲक्सल यांच्यामधे बोटं सरकवून पाहिली. तीन बोटं बसली पाहिजेत, ते म्हणाले. मास्टर पाइप फिरवत गेले आणि फोरमन बोटांनी मोजत गेले. एक बोट. दोन. दोन आणि एक नख. मास्टरांना हे 'दोन आणि एक नख' फार आवडलं. एवढा नेमका माणूस त्यांना बाजारातही कधी भेटला नव्हता. शेवटी तिसरं बोट बसलं आणि फोरमन म्हणाले, आवळा.

मास्टरांनी आवळलं नाही. त्यांनी विचारलं, "पोरं बसल्यावर गाडी किती खाली येते?"

फोरमनचा हात आतच थांबला.

"नाही, म्हणजे उभ्या माणसाचं माप घेऊन पँट शिवली की गिऱ्हाईक खूश होऊन जातं," मास्टर म्हणाले. "आणि दुसऱ्या दिवशी बसताना उसवली म्हणून परत येतं. मी गिऱ्हाइकाला आधी स्टुलावर बसवतो. चौदा पोरं आहेत, त्यांची दप्तरं आहेत. तेवढी माया सोडायला नको?"

फोरमननी हात बाहेर काढला आणि पँटला पुसला. "डेपोत हे मला कधी कुणी विचारलं नाही," ते हळूच म्हणाले. "बसवा सगळ्यांना."

मग त्या दोघांनी जे केलं ते गल्लीने बघितलं असतं तर आठवडाभर चघळलं असतं. मास्टरांनी पुढच्या खोलीच्या बाहेरच्या दाराने शिवणयंत्र ओढत आणलं आणि गाडीत चढवलं. पाण्याचे भरलेले कॅन चढवले. कापडाचे गठ्ठे, धान्याची कोठी, फुलझाडांच्या दोन कुंड्या, असं पुढच्या खोलीतलं आणि अंगणातलं उचलता येईल ते सगळं मागच्या सीटवर गेलं. तरी भार पुरेना, तेव्हा फोरमन स्वतः आत जाऊन कुंड्यांच्या मधे बसले. मास्टरांनी चाकाच्या बाजूने हात घालून पाहिलं. तीन बोटांचं दीड बोट झालं होतं. त्यांनी ते सांगितलं आणि आतून फोरमन म्हणाले, "मग मोकळी केल्यावर साडेचार ठेवू." पण वर गाडीचा तळ होता, तिथेही पाइप टेकता कामा नये. तासभर दोघं अर्ध्या अर्ध्या बोटाने भांडले. अखेर सव्वाचारवर तडजोड झाली.

इंजिन चालू केलं तेव्हा फोरमननी मान तिरकी केली आणि सांगितलं की दुसऱ्या जोडातून गळतंय. मास्टरांना काहीच ऐकू येत नव्हतं. साबणाचं पाणी लावल्यावर त्याच जोडावर बुडबुडे आले. पट्टी अजून दोन आटे आवळली आणि बुडबुडे थांबले.

संध्याकाळी ती दार उघडून बाहेर आली. गाडी चाकांवर उभी होती, अंगण झाडलेलं होतं, मशीन जागेवर होतं. तिने एक चक्कर मारली, गतिरोधकावरून दोनदा गेली आणि परत येऊन नवऱ्याच्या गालावरची काजळी पदराने पुसली. जेवायला बसल्यावर मात्र दोघांची जीभ पुन्हा टाळ्याला चिकटली. तिच्यासमोर आपसात बोलायचं कसं, हेच त्यांना कळेना. "पोरी, तुझ्या नवऱ्याला सांग, आमटी चांगली झालीय," फोरमन म्हणाले. तिने कपाळावर हात मारला.

सोमवारी सकाळी ती सहालाच निघून गेली. तपासणीची रांग मोठी असते. मास्टरांनी मशीनवर एक चेन लावायला घेतली आणि दोनदा उलटी लावली. शेवटी ते अंगणात येऊन फोरमनच्या खुर्चीशेजारी पायरीवर बसले. दोघंही फाटकाकडे कान लावून होते. रस्त्यावरून गाड्या जात होत्या, फेरीवाले ओरडत होते, कुठेतरी भिंत फोडत होते. नऊ वाजले, साडेनऊ वाजले. नापास झाली असेल तर ती तोंड लपवायला कुठे गेली असेल, अशी एकेक शंका मास्टरांच्या मनात येत होती.

"मास्टर," फोरमन एकदम म्हणाले. "एक विचारायचं होतं. दोन वर्षं विचारायचं होतं."

"विचारा की."

"ती कशी दिसते आता?"

मास्टर त्यांच्याकडे वळले.

"तिला विचारलं तर म्हणेल, मी मजेत आहे बाबा. आणि दुसऱ्या कुणाला विचारायचं तर..." फोरमननी हात हवेत हलवून सोडून दिला. "तिच्याबद्दलचं तिच्यामार्फत कसं विचारणार?"

मास्टर खुर्चीच्या आणखी जवळ सरकले. मग त्यांनी माप घेताना सांगावं तसं, काही न लपवता सांगायला सुरुवात केली. केस पांढरे झालेत, डाव्या कानामागे जास्त. खिडकीकडचा हात दुसऱ्या हातापेक्षा दोन छटा काळा आहे. वजन उतरलंय, गेल्या वर्षात मी तिचे ब्लाउज दोनदा आत घेतले आणि तिने दोनदा सांगितलं की कापडच सैल पडलंय. डोळ्यांखाली वर्तुळं आहेत. चालते मात्र तुमच्यासारखी, खांदे मागे टाकून. फोरमन एकेक गोष्ट ऐकत होते आणि मान हलवत होते. त्यांचे डोळे भरले होते.

"हसते का?"

मास्टरांनी उत्तर द्यायला मान वर केली आणि त्यांना ती दिसली. फाटक उघडून ती आत उभी होती, हातात कागद. किती वेळ उभी होती कोण जाणे. तिचा चेहरा ओला होता. तिने कागद वर करून दाखवला, हिरव्या शिक्क्याचा.

"हसते," मास्टर म्हणाले. "आत्ता हसतेय, बाबा. गाडी पास झाली."

फोरमन दचकून उठले. हात पुढे करत म्हणाले, "पोरी, तू कधी आलीस? गाडी कुठेय?"

"फाटकाबाहेर, बाबा. केव्हाची चालूच आहे."

फोरमननी मान तिरकी केली आणि श्वास रोखून ऐकलं. खूप वेळ ऐकलं. तिने त्यांचा पुढे आलेला हात हातात घेतला, तरी ते ऐकतच राहिले. मग त्यांनी चेहरा वळवला, लेकीकडे नव्हे, पायरीकडे.

"मास्टर," ते म्हणाले, "मला काहीच ऐकू येत नाही."